घोट्यापर्यंत उजेड

"दिव्यांचं माझ्यावर सोडा! त्यात कुणी नाक खुपसायचं नाही!" असं निरीक्षकांनी जाहीर केलं, तेव्हा घरात सगळ्यांना हायसंच वाटलं. मुलीचं रिसेप्शन तोंडावर आलं होतं आणि वजनमापे खात्यातून निवृत्त झालेला हा माणूस रोज उठून दुसऱ्यांच्या कामात चुका काढत होता. केटररचा तराजू तपासून झाला होता. फुलवाल्याची मोजपट्टी बोटभर आखूड निघाली होती आणि तो फुलवाला आता फोन उचलत नव्हता. निदान दिव्यांत तरी गुंतून राहतील, असं बायकोला वाटलं.

खरी भानगड वेगळीच होती. मुलीने बापाकडे एकच गोष्ट मागितली होती. "बाबा, मला दागिना नको, काही नको. फक्त एक गाणं माझ्याबरोबर नाचायचं. अख्खं! मध्येच पाणी प्यायचं निमित्त करून सटकायचं नाही." आणि निरीक्षक भावनेच्या भरात "हो" म्हणून बसले होते.

आता थोडं त्यांच्या नाचाविषयी. आयुष्यात ते एकदाच नाचले होते, तरुणपणी, ऑफिसच्या स्नेहसंमेलनात. त्यांनी नाच सुरू केल्याबरोबर कॅशियरने धावत जाऊन मेन स्विच बंद केला. त्याला वाटलं, यांना शॉक बसलाय! तेव्हापासून निरीक्षकांनी नाचाचं नाव काढलं नव्हतं. आणि आता नाचायचं होतं व्याह्यांसमोर. व्याही दातांचे डॉक्टर. बोलणं अगदी मोजकं, आणि नजर अशी की समोरचा माणूस आपोआप आ वासायचा. त्यांच्यापुढे बापाचं हसं झालं, तर पोरीने त्या घरात कोणत्या तोंडाने वावरायचं? निरीक्षकांची झोप उडाली.

शब्द तर मोडायचा नाही, आणि नाचताना दिसायचंही नाही. म्हणजे उपाय एकच. अंधार!

पण किती अंधार? अंदाजपंचे काही ठरवणं निरीक्षकांच्या रक्तात नव्हतं. त्यांनी भर दुपारी बैठकीच्या खोलीचे एक सोडून बाकीचे पडदे ओढले, बायकोला सोफ्यावर बसवलं आणि स्वतः कपाटाशेजारी जाऊन उभे राहिले.

"मी कोण आहे?"

"म्हणजे?"

"नीट बघून सांग. मी कोण आहे ते कळतंय का?"

"अहो, असं काय भलतंच विचारताय?"

"बरं. आणि आता?" निरीक्षकांनी उरलेला पडदा ओढला आणि जागच्या जागी डावी-उजवीकडे डुलायला लागले.

बायको उठली, आत गेली, दार लावून घेतलं आणि तिने धाकट्या भावाला फोन लावला. "अरे, तुझ्या भाऊजींना काहीतरी होतंय! मी कोण म्हणून मलाच विचारतायत. आणि अंधारात डुलतायत!"

मुलीचा मामा तडक आला. मामा म्हणजे घराण्यातला एक नंबरचा हौशी माणूस. लग्न कुणाचंही असो, नाचायला पहिला हाच. त्याचे चकचकीत सोनेरी बूट नातेवाइकांना त्याच्या चेहऱ्यापेक्षा जास्त पाठ होते. त्याने भाऊजींची नाडी बघितली आणि गोड आवाजात आज वार कोणता ते विचारलं. निरीक्षकांनी वार सांगितला, आणि तुझं घड्याळ मागे आहे, हेही सांगितलं.

मामाने बहिणीला स्वयंपाकघरात नेलं. "ताई, मुलगी चाललीय ना, डोक्यावर परिणाम झालाय. आता एकच पथ्य. विरोध करायचा नाही! जे म्हणतील त्याला हो म्हणायचं."

इकडे निरीक्षक लाइटवाल्याच्या दुकानात पोचले. तिथे इतके दिवे लागलेले होते की गिऱ्हाईक डोळे चोळतच आत यायचं.

"या साहेब! डान्स फ्लोअरला काय देऊ? फिरते देऊ? रंगीत देऊ? ठेक्यावर उघडझाप करणारे देऊ?"

"अंधार द्या."

लाइटवाल्याने पेन खाली ठेवलं. "साहेब, माझा दिव्यांचा धंदा आहे."

"असू दे. नाचणारा माणूस कोण, हे शेजारी उभं राहूनही कळता कामा नये. बाकी हॉलमध्ये हवा तेवढा लखलखाट करा. आणि आमच्या घरी एक अक्षर बोलायचं नाही!"

दुसऱ्या दिवशी त्याच दुकानात निरीक्षकांची बायको येऊन बसली. तिचंही एक गुपित होतं. तिने रिसेप्शनसाठी खड्यांच्या चपला घेतल्या होत्या आणि त्या भावाच्या घरी लपवून ठेवल्या होत्या. नवऱ्याला दाखवल्या असत्या, तर त्याने आधी किंमत विचारली असती आणि मग एकेक खडा मोजला असता.

"हे बघा, ह्यांना यातलं काही बोलू नका," ती म्हणाली. "त्यांची तब्येत बरी नाही. ते जे सांगून गेले असतील ते तसंच करा, बिलकूल विरोध करू नका. पण मला खाली जमिनीवर उजेड हवा. चपलेचा खडा न खडा दिसला पाहिजे!"

लाइटवाल्याने रात्रभर डोकं चालवलं आणि मग खूश होऊन झोपला. फ्लोअरच्या चारी कडांना घोट्याएवढ्या उंचीचे दिवे, आणि वरून पत्र्याचं झाकण. घोट्याच्या खाली लख्ख उजेड, घोट्याच्या वर काळोख! नवरा खूश, बायको खूश. इतकं समजूतदार काम आपल्या हातून आजवर झालं नव्हतं, असं त्याला वाटलं.

रिसेप्शनला पाहुणे आले, खाऊन-पिऊन झालं, भेटवस्तू देऊन झाल्या. मग माइकवर आवाज आला, "आता आपण सगळे डान्स फ्लोअरकडे येऊ या!" हॉलमधले दिवे मावळले. निरीक्षकांनी समोर बघितलं. काळाकुट्ट अंधार! पैसे वसूल! त्यांनी समाधानाने मान खाली घातली, आणि पाय चटकन जवळ ओढून घेतले.

खाली नुसते पाय! चपला, बूट, सॅंडल, सगळे चपलांच्या दुकानाच्या काचेत मांडल्यासारखे लखलखत होते. आणि त्यांवरून माणसं एकमेकांना बिनचूक ओळखत होती. "ते टोकदार काळे, ते दातांचे डॉक्टर!" "ती टाच झिजलेली, ती धाकटी काकू!" निरीक्षकांचे तपकिरी लेसचे बूट तर घराण्यातल्या झाडून सगळ्या समारंभांना हजेरी लावून आलेले. दोनदा तळ बदललेला. ते कोण ओळखणार नाही?

मागे सरायला जावं, तर तिथे कुणाच्यातरी खड्यांच्या चपला डोळे दिपवत उभ्या होत्या, एक पाऊल मुद्दाम पुढे काढून.

"ओ बाई, जरा सरकता का?"

"अहो, मीच आहे!"

"या कधी घेतल्या?" असं विचारायलाही त्यांना सवड नव्हती. माइकवर घोषणा झालीच. "आणि आता, नवरी आणि तिचे बाबा!"

निरीक्षकांनी अंधारात सोनेरी बूट शोधले आणि त्यांच्या वरचा हात धरून मामाला खांबामागे ओढलं.

"बूट काढ."

"काय?"

"तुझे बूट काढ. माझे घाल. पटकन!"

मामाला दरदरून घाम फुटला. पण पथ्य त्यानेच घालून दिलं होतं. त्याने निमूटपणे बूट काढले आणि निमूटपणे तपकिरी घातले. "आता कुठेही नाच, पण माझ्यापासून लांब," निरीक्षक म्हणाले. "हो भाऊजी, हो हो," मामा आजाऱ्याला समजवावं तसा म्हणाला.

सोनेरी बूट नवरीच्या पांढऱ्या सॅंडलसमोर जाऊन उभे राहिले.

"बाबा? अहो, हे बूट तर..."

"गप्प. नाच."

गाणं सुरू झालं. सोनेरी बूट उजवीकडे गेले, परत उजवीकडे गेले, मग विचारात पडले आणि पांढऱ्या सॅंडलवर पडले. काळोखात खसखस पिकली. "मामाला आज झालंय काय?" "बापाचं गाणं पळवलंन्, आणि वर नाचता येत नाही!" "वय झालं हो!"

निरीक्षक आधी ताठरले. मग त्यांच्या लक्षात आलं. अरेच्चा, हे तर मामाला हसतायत! छातीवरचा दगड धाडकन खाली आला. त्यांनी दोन्ही हात वर केले, कंबर हलवली, गाण्याचे चुकीचे शब्द मोठ्याने म्हटले. मुलगी हसून हसून त्यांच्या खांद्यावर रेलली. "बाबा, तुम्हाला चक्क मजा येतेय!" खरंच येत होती. पोर उद्या या घरात नसणार, हे इतके दिवस मनाबाहेर ठेवलेलं सगळं आता आत शिरलं, आणि म्हणून ते आणखी जोरात नाचले.

तिकडे मामाला कुणी फक्त उभं राहायला सांगितलं असतं, तरी ठेका ऐकून ते जमलं नसतं. तपकिरी बूट आधी नुसते थिरकले. मग घसरले, वळले, गिरकी घेऊन टाचेवर थांबले. बघणाऱ्यांत कुजबुज सुरू झाली. "अहो, ते निरीक्षकांचे ना?" "निवृत्त माणूस! गुडघे बघा!" "आणि किती मोठं मन! आपलं गाणं मेहुण्याला देऊन स्वतः कोपऱ्यात नाचतायत!" टाळ्या, शिट्ट्या, वन्स मोअर!

तेवढ्यात कुणी कधी ऐकला नव्हता असा व्याह्यांचा चढलेला आवाज आला. "अहो लाइटवाले! सगळे दिवे लावा! आम्हाला आमच्या व्याह्यांना बघू द्या!"

सगळे दिवे लागले.

तपकिरी बुटांत मामा होता, गिरकीच्या मध्यावर. सोनेरी बुटांत निरीक्षक होते, दोन्ही हात आढ्याकडे. हॉलने आधी बूट बघितले, मग तोंडं बघितली, मग पुन्हा बूट बघितले. आणि मग जो हशा उठला! निरीक्षकांनी जेवढा धरला होता त्याहून अंमळ जास्तच भरला.

ते पळाले असते. पण मुलीने हात सोडला नव्हता. "बाबा, गाणं संपायचंय अजून," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि ते सगळंच हसण्याचं नव्हतं. निरीक्षकांनी तिच्याकडे बघितलं आणि ते नाचले. लख्ख उजेडात, व्याह्यांच्या डोळ्यांदेखत, शेवटच्या ठोक्यापर्यंत. मध्ये एकदा तिच्या पायावर पाय पडला, तेव्हा दोघांनी एकदमच "सॉरी" म्हटलं.

गाणं संपलं. व्याही उठले आणि सावकाश चालत आले. त्यांनी निरीक्षकांच्या पायांकडे बघितलं, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मायेने म्हणाले, "दुसऱ्याचे बूट. घट्ट होत असतील, नाही?"

एवढंच हवं होतं. नुसतं "हो" म्हणायचं, की अब्रू शाबूत! मागून मुलगी मानेने खुणावत होती, हो म्हणा. बायको खुणावत होती, हो म्हणा. मामा तर दोन्ही हात जोडून उभा होता.

"छे हो," निरीक्षक म्हणाले. "अगदी मापात आहेत."