केशोरीत युरी गागारिन

हेमेंद्र मास्तरांनी दुर्बीण आणून वर्षं लोटली, पण केशोरीतल्या एकाही माणसानं तिला डोळा लावला नव्हता. "मास्तर, वर का पायता? खाली धान पिवळा पडून राहिला," एवढंच लोक म्हणत.

यंदा शेवटचा प्रयत्न करायचं त्यांनी ठरवलं. माणूस पहिल्यांदा अवकाशात गेला तो बारा एप्रिल यंदा रविवारी येत होता, आणि दिवस मावळताच गुरू डोक्यावर दिसणार होता. त्यांनी गावाच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, "आकाशात गेलेला पहिला माणूस युरी गागारिन याच्या स्मरणार्थ रविवारी संध्याकाळी आमच्या अंगणात सर्वांनी यावे." खाली युरीचा हेल्मेटातला हसरा फोटो.

मुर्री गावच्या मेहुण्यानं, ओमेशनं, घाईत अर्धंच वाचलं आणि 'ॐ शांती' लिहून पुढं धाडलं. मग ॐ शांतीची रांगच लागली.

"पाह्य नीतू," मास्तर बायकोला गहिवरून म्हणाले, "लोकं बदलून राहिले."

रविवारी चार वाजताच दवनीवाड्याहून जीप आली. नीतूची मावशी धुरपताबाई हंबरडा फोडतच उतरली. "कसा गा गेला पोरगा! हासून राहिला व्हता फोटोत!"

मागोमाग सारं गाव आलं. युरी कोण, हे कोणालाच ठाऊक नव्हतं. पण विचारणं बरं दिसलं नसतं.

"हेल्मेट घातलं व्हतं, तरी गेला," शेजारचा उदाराम मान हलवत म्हणाला. "मंग घालून फायदा का?"

"अरे, तो माझा कोणीच नाही!" मास्तर ओरडले.

"धक्का बसला मास्तरले," उदाराम बाकीच्यांना हळूच म्हणाला.

नीतूनं पदर खोचला. "दुरून आलेल्या लोकाईले उपाशी धाडता का? दुर्बीण ठेवा, चूल पेटवा."

दिवस मावळला. डोक्यावर गुरू झळकत होता आणि मास्तर पंगतीत वरण वाढत होते. वर कोणीच पाहिलं नाही. आता ही दुर्बीण विकून टाकावी, असं त्यांना वाटलं.

हात धुऊन परतताना धुरपताबाई दुर्बिणीपाशी थबकली. "जवाईबापू, यात का दिसते?"

"गुरू. बाजूला त्याचे चंद्र."

तिनं डोळा लावला तो बराच वेळ काढला नाही. "पोरगा अठी गेला व्हता?"

"इतक्या दूर नाही. पृथ्वीभोवती चक्कर मारून परत आला."

"जित्ता?"

"जिवंत. हसत."

मावशी ताठ झाली. "अवो, पोरगा वापस आला वो! मंग रडून कायले राहिलो आपन?"

अंगणातले चेहरे एकदम खुलले. दुर्बिणीपुढं रांग लागली. "मले पाहू दे", "सरक ना गा", ढकलाढकली सुरू झाली.

"मंग आता कोठी राहते तो?" रांगेतून उदारामनं विचारलं.

मास्तरांना खोटं बोलता येत नसे. "आता नाही तो. पुढं विमान पडलं. चौतिसाव्या वर्षी गेला."

"लेकरं?"

"दोन मुली. लहान होत्या."

रांग मोडली. धुरपताबाई दुर्बिणीच्या पायाशीच बसली आणि आता नाव घेऊन रडू लागली, "युरी गा, बापा माह्या!" बायकांनी सूर धरला. नीतूनंही डोळ्याला पदर लावला.

मास्तरांनी दुर्बिणीला टोपण घातलं, उदारामच्या बाजूला जाऊन बसले आणि रडू लागले.