कासव खाली बसलं!

मोठ्या दुकानातल्या चार नंबरच्या काउंटरवरच्या पोरीने कासवाची कविता घरी कपड्यांच्या कपाटात बसून रेकॉर्ड केली होती. कपड्यांमुळे आवाज घुमत नाही म्हणे. पण ही सहा मिनिटांची कविता शेवटपर्यंत ऐकायला घरात एक माणूस मिळेल तर शपथ! वडील दुसऱ्या कडव्याला घोरायला लागले. आत्या म्हणाली, "छान गं, पण त्या कासवाला एवढं झालंय तरी काय?" आणि उत्तर न ऐकताच भाजी निवडायला गेली. कोणीतरी, एकदा तरी, पूर्ण ऐकावं, एवढंच बिचारीला हवं होतं.

दुकानातल्या घोषणाही तिच्याच आवाजात असायच्या. साबणावर सवलत, मुलांचा हात सोडू नका, वगैरे. शनिवारी नव्या घोषणांचा पेन ड्राइव्ह मॅनेजरसाहेबांना देताना तिने चुकून नेमका कासवाचा दिला. साहेबांनी तो न ऐकताच माइकच्या खोलीतल्या यंत्रात खुपसला, आवाज चढवला आणि दार ओढून घेतलं. ते दार ओढलं की आपोआप कुलूप लागायचं, आणि किल्ली फक्त साहेबांकडे. दुसऱ्या कोणी यंत्राला हात लावलेला त्यांना खपत नसे.

भर गर्दीत छतातून आवाज आला,

"पाठीवर शहर घेऊन कासव चाले,
वर राजा किल्ल्या खुळखुळवत बोले,
उभं राहा, चालत राहा, बसायचं नाही!"

पोरीच्या पायाखालची जमीन सरकली. दिवसभर किल्ल्या खुळखुळवत फिरायची सवय अख्ख्या दुकानात एकाच माणसाला होती. काउंटरवर स्टूल ठेवायचं नाही, हा नियमही त्याचाच.

"मेले! नोकरी गेली माझी!"

"गप्प बस गं, ऐकू दे," तीन नंबरच्या काउंटरवरच्या मावशी म्हणाल्या.

साहेब खिसे चाचपत धावत आले. "माझ्या किल्ल्या कुठायत?"

"आतच राहिल्या असतील, साहेब," रखवालदार म्हणाला.

"मग उघड ना दार!"

"कशानं?"

कुलूपवाल्याला फोन गेला. तोवर कविता संपली आणि घोषणेच्या रीतीप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली. ट्रॉल्या जागच्या जागी थांबल्या. रांगेतले एक आजोबा ओरडले, "आवाज वाढवा हो!" दुसऱ्या खेपेला "आणि एके दिवशी कासव खाली बसलं" ही ओळ आली, तशी मावशींनी इकडेतिकडे पाहिलं, साबणाचा रिकामा खोका पालथा घातला आणि खुशाल बसल्या. मग दोन नंबर बसला, मग एक नंबर. गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या. पोरीचे डोळे भरून आले. नोकरी जायची तर जाऊ दे, कविता पोचली होती!

तिसऱ्या खेपेला साहेब खांबाला टेकून उभे होते. चष्मा काढून पुसत होते.

"कोणी लिहिलंय हे?"

"मी, साहेब. चूक झाली."

"चूक? अगं, वीस वर्षं हे दुकान पाठीवर वाहतोय मी! मालक विचारत नाहीत, बायको विचारत नाही. मी कासव आहे, हे तुला कसं गं कळलं?"

मावशींनी हसू आवरायला तोंडावर रुमाल दाबला. पोरगी पटकन म्हणाली,

"तोंडावरूनच दिसतं, साहेब."

"मग कासवानं बसायचं की नाही?"

"बसायलाच पाहिजे!" सगळे काउंटर एका सुरात म्हणाले.

साहेबांनी फर्निचरच्या विभागातून प्रत्येक काउंटरला एक स्टूल मागवलं, आणि स्वतःला एक गुबगुबीत खुर्ची. कुलूपवाला आला, तर गिऱ्हाइकांनी त्यालाच अडवून धरलं. "थांबा हो, शेवटचं कडवं होऊ द्या!"

संध्याकाळी साहेब खुर्चीत रेलून म्हणाले, "याचा पुढचा भाग लिही. आणि ऐक, त्या राजाची चांगली खोड मोड. फार माजलाय मेला."

"मोडते की, साहेब," पोरगी म्हणाली, आणि बसल्या बसल्याच तिने पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.