सोमाकाकांची अँटेना

आमच्या गावात आता घरोघरी डिशची छत्री आहे. सोमाकाकांच्या स्लॅबवरही आहे. पण तिच्या शेजारी बांबूला बांधलेली ॲल्युमिनियमची जुनी अँटेना उभी असते. दर रविवारी सकाळी सत्तरीचे सोमाकाका शिडीने वर चढतात आणि तिचं तोंड नागपूरकडे फिरवतात. तिची वायर कशालाच जोडलेली नाही. भिंतीवरून खाली लोंबते आणि तिच्यावर काकांचा दुपट्टा वाळत असतो. तरी काका वरून ओरडतात, "दिसला का?"

कोणी उत्तर देत नाही. सगळ्यांना सवय झाली आहे.

हा प्रश्न त्यांना कुठेही चालतो. बँकेत नेट बंद पडलं की काचेच्या भोकातून आत वाकून, "साहेब, दिसला का?" पुतण्या मुलगी पाहून आला, त्यालाही तेच. तो वैतागून म्हणाला, "काका, मुलगी पाह्यले गेल्तो!" काका शांतपणे म्हणाले, "मंग, दिसली का?" मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी सोडल्यावर जे डॉक्टरने विचारायचं, ते काकांनीच डॉक्टरला विचारलं.

हे सगळं सुरू झालं ते जुन्या गावात. ते गाव आता गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आहे. तिथे पहिला टीव्ही सोमाकाकांनी आणला, ब्लॅक अँड व्हाईट. रविवारी एक विलायती मालिका लागायची. कुठल्याशा कॉमिकवरून काढलेली. उडणारा हिरो, पाठीवर पोळ्याच्या बैलासारखी झूल, आणि सगळे गोरे लोक हिंदीत बोलणारे. अख्खं गाव काकांच्या ओसरीवर यायचं. काका मात्र कौलांवर, अँटेना धरून. हात सोडला की चित्र जायचं. वरून काका विचारायचे, "दिसला का?" आणि खालून पार्वताकाकू ओरडायच्या, "दिसला! हालू नोका!"

म्हणजे ज्याचा टीव्ही, त्याने ती मालिका एकदाही पाहिली नाही.

पण काकांना ती तोंडपाठ. जेवताना काकू त्यांना आख्खा भाग सांगायच्या. काका ते आम्हाला अजून सांगतात. तो हिरो दिवसा कोतवाल असतो. त्याची माय त्याच्यासाठी भात झाकून ठेवते. आणि सगळ्यात भारी भाग बैलांचा. वैनगंगेसारखी नदी फुगते, गाव बुडायला येतं आणि हिरो एकेका काखेत एकेक बैल घेऊन उडतो. "पह्यले बैल," काका बोट वर करून सांगतात, "मंग मानसं. कास्तकाराचं पोट्टं होतं ते!"

दोन वर्षांपूर्वी पार्वताकाकू गेल्या. यंदा डोळ्याची पट्टी सुटली, त्याच आठवड्यात काका शेजारून माझ्याकडे आले.

"तू शिकलेली हायेस. मोबाईलात सारं भेटते म्हन्ते. मले तो बैलाचा भाग दाखव. येक डाव आपल्या डोयानं पाहू दे."

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली, आणि मला त्याचा अभिमान आहे. जे आहे ते आहे म्हणायची सवय असल्याने माझी एक सोयरीकही मोडली आहे. मी मालिका शोधली. सगळे भाग सापडले. महिनाभर रोज रात्री बसून पाहिले. कोतवाल नाही, भात नाही. आणि बैल? एक शेपूटसुद्धा नाही.

मी आईला विचारलं. ती तांदूळ पाखडत होती. सूप थांबवून हसली.

"कोनाले काय दिसे वो! साऱ्या मुंग्याच राहेत टीव्हीत. मधीच येखांदं फडकं हालल्यावानी वाटे. सोमाभाऊचे हात दुखत असतीन, उनात उभे, म्हून पार्वता 'दिसला' म्हने. मंग खाली उतरल्यावर तो इचारे, काय झालं? मंग बिचारी मनानंच सांगे."

आता काकांना काय सांगायचं? माणूस पाच वर्षं कौलांवर उभा राहिला ते ज्याच्यासाठी, ते नव्हतंच. पण मला खोटं जमत नाही. शेवटी मी त्यांच्या ओसरीवर बसले, मोबाईल समोर धरला आणि नदीचा एकुलता एक भाग लावला. त्यात हिरो मोडलेला पूल धरतो, एवढंच.

काकांनी नव्या डोळ्याने शेवटपर्यंत पाहिलं.

"बैल?"

"नाहीत, काका. कोणत्याच भागात नाहीत."

मी आईने सांगितलेलं सगळं सांगून टाकलं. काकांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. पण ते हसत होते.

"मले मालूम होतं, पोरी."

"कधीपासून?"

"दुसऱ्याच इतवारी. समोरची पिठाची चक्की बंद पडली. म्हंजे लाईन गेली. टीव्ही बंद. तरी मी इचारलं, 'दिसला का?' तं हे बाई खालून म्हन्ते, 'दिसला! हालू नोका!'" त्यांनी डोळे पुसले. "मंग मीच नाई हाल्लो. हाललो असतो तं राती बैल कोन सांगतं?"

"मग मला कशाला शोधायला लावलं?"

"वाटलं, येखांदा तरी बैल खराच असन."

पुढच्या रविवारी मी अंगणात कपडे वाळत घालत होते. स्लॅबवरून नेहमीचा आवाज आला, "दिसला का?"

मी पिळा हातात घेऊन थांबले. इकडेतिकडे पाहिलं आणि ओरडले, "दिसला! हालू नका!"

वरून आवाज आला, "लाईन गेली हाये, बाप्पा. चक्की आयकू नाई येऊन रायली."

मी ओशाळले. पण काका खाली उतरले नाहीत. त्यांनी अँटेना आणखी थोडी नागपूरकडे फिरवली आणि विचारलं,

"बैल किती हायेत?"

"आठ!" मी म्हणाले.