सात घंट्यांवरचं रंगून

गोंदियाकडच्या गोरेगावचा बाजार आमच्या गावापासून सात कोस. दसारामकाकांना विचारलं तर पाच मिनिटं. काका आयुष्यात कधी विमानात बसले नव्हते, पण बिरसीच्या माळावर लढाईची विमानं उतरू लागली आणि त्यांनी कोस, मैल सगळं मोडीत काढलं. एकदा सडक अर्जुनीहून येणारी वरात रखडली. मांडवात माणसं भुकेने कासावीस, आणि काका नवरीच्या बापावर डाफरताहेत, "पंधरा मिन्टाचा रस्ता! सकाळपासून काय करून राहिले हे?" बिचारी वरात बैलगाड्यांनी येत होती.

विमानाने कुठे किती वेळात, हा हिशेब त्यांना माळावरच्या एका मिस्त्रीने दिला होता, बहुधा पिच्छा सोडवायला. तो घेऊन काका थेट माझ्या शाळेत शिरत. "गुरुजी, पोरायले हे शिकवा. रंगून सात घंटे. सकाळी पेज पिऊन निघाला त रातच्या जेवाले घरी."

रंगूनचं कारण हेमराज, त्यांचा एकुलता एक मुलगा. गोंदियाच्या धानगिरणीत फिटर होता, तिथून रंगूनच्या गिरणीत गेला. जपान्यांनी शहर घेतलं आणि त्याची पत्रं थांबली. काकांना विमान म्हणजे आगगाडीच वाटे. आलं की उतारू उतरणार, आणि उतारूला घ्यायला घरचं माणूस हजर पाहिजे. आभाळात घरघर झाली की ते रेंगी जुंपत. माणसं बसवायची ती छोटी बैलगाडी. बैलांवर झूल, आत गादी, आणि स्वारी माळाच्या कुंपणाशी उभी.

"कायले आणली रेंगी?" पहारेकरी खेकसे.

"पोट्टा येऊन राहिला."

पहारेकरी हाकलून देई. गावाची फुकटात करमणूक होई.

मग आमगावकडचा एक माणूस रंगूनहून परत आला. पायी. डोंगर, जंगल, चिखल तुडवत. हेमराज त्याच्याबरोबरच निघाला होता. वाटेत तापाने गेला, तिथेच त्याला माती दिली. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "विमान नोहोतं का तेथं?"

"होतं ना, बाप्पा. साहेबायले होतं. आमाले कोन घेते?"

मला संताप आला, तो अजून उतरलेला नाही. बिरसीचा माळ सपाट करायला आमच्याच गावाने टोपल्या वाहिल्या. त्या सरकारच्या विमानात आमच्या एका पोराला टेकायला जागा नव्हती. आणि आम्ही हसलो ते कुणाला, तर काकांना.

तेरवी आटोपली. आता हे वेड सुटलं, असं सगळ्यांनी धरलं. दोनच दिवसांत घरघर ऐकू आली आणि काका बैल जुंपू लागले. म्हातारा भ्रमला, असं वाटून मी धावत जाऊन कासरा धरला.

"काका, हेमराज आता येणार नाही हो."

"मालूम आहे मले." त्यांनी गादी झटकून पुन्हा नीट पसरली.

"आणि त्यातून उतरतात ते साहेबलोक. त्यांना मोटार असते."

काकांनी कासरा माझ्या हातातून हळूच सोडवून घेतला.

"एखांद्या येळी आपल्यातलाच कोनी उतरला त, गुरुजी? त्याले बी पायी कायले चालवाचा?"