दामले आणि मनुकाटोन्स

गोळ्या मोजताना दामले एक, दोन, तीन म्हणत नसत. 'डू-वॉप, डू-वॉप' म्हणत. पंधरा डू-वॉपला तीस गोळ्या, आणि त्यात कधी चूक नाही.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ऑकलंडच्या मनुरेवा भागातल्या एका फार्मसीत त्यांच्या हाताखाली लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, "मनुकाटोन्स माहीत आहेत?"

मला वाटलं मनुकांचं काहीतरी टॉनिक असेल. मी शेल्फवर शोधू लागले.

"अहो, गाणाऱ्यांचा ग्रुप! ऑकलंडचाच, पन्नासच्या दशकातला. वाद्यं नाहीत, नुसते चार गळे. एक गाणार, बाकीचे मागे डू-वॉप करणार."

मग इतिहास सुरू झाला. सनी वरच्या पट्टीत गायचा. तो ऑस्ट्रेलियाला गेला म्हणून बिल आला. बिल भांडून गेला म्हणून सनीला परत बोलावलं. तेवढ्यात बिलही परतला.

"मग पाच झाले?"

"चारच! घोळ घालू नका."

पुढच्या आठवड्यात बिल ऑस्ट्रेलियाला गेलेला असे आणि भांडलेला सनी. शेवटी मी वहीत बाणबिण काढून तक्ता केला. दामल्यांनी तो लाल पेनाने दुरुस्त केला. मग त्यांनाही तो कळेना.

एका रविवारी त्यांची गाडी बंद पडली. "हिल्सबरोला सोडाल का? हेमी वाट बघत असेल."

हेमी म्हणजे त्या ग्रुपमधला खर्जात गाणारा, एकटाच उरलेला. पूर्वी आमच्याकडे बीपीच्या गोळ्या न्यायला यायचा. आता वृद्धाश्रमात होता.

"किया ओरा, सनी!" दामल्यांना बघून हेमीने खुशीत माओरी नमस्कार केला.

"किया ओरा!" म्हणत दामल्यांनी वरचा सूर लावला. पाच मिनिटांनी हेमीने त्यांना बिल म्हटलं. दामल्यांनी गाणं न थांबवता सूर खाली आणला. इतिहासातला घोळ कुठून येत होता, ते मला तेव्हा कळलं.

अचानक हेमी गायचा थांबला. "बिल, तुझी आई गेली तेव्हा तू आला नाहीस."

दामल्यांनीही गाणं थांबवलं. मग चक्क मराठीत म्हणाले, "नाही जमलं हो यायला."

हेमीने त्यांचा हात धरला. "आम्ही होतो ना तिथे. आम्ही गायलो तिच्यासाठी. ऑल गुड, ब्रो."

परत गाडीत बसल्यावर दामले बराच वेळ सीटबेल्टशी झटत होते.

"माझी आई साताऱ्यात गेली, तेव्हा मी इथेच होतो," ते म्हणाले. "नवी नोकरी, रजा मिळेना. भावाने सगळं केलं. घरच्यांनी मला कधी एका शब्दाने विचारलं नाही." बेल्ट पुन्हा ओढत म्हणाले, "आज कुणीतरी विचारलं."

मी हात पुढे करून त्यांचा बेल्ट लावून दिला.