टेंभरे डॉक्टरांचे डोळे

आमचे टेंभरे डॉक्टर लग्नाला जातात, पण हळदीला जात नाहीत. कारण विचारलं तर म्हणतात, "तिथं सगळेच पिवळे. मी कोणाला पाहू?"

डॉक्टर पोटाच्या विकारांचे. गोंदियाच्या ज्या दवाखान्यात ते दुर्बिणीने पित्ताची नळी मोकळी करतात, तिथं मी सिस्टर आहे. कोणी बोलायला लागलं की ते टक लावून पाहतात. समोरच्याला वाटतं, डॉक्टर किती मन लावून ऐकतात. ऐकत नसतात, डोळ्यांचा पांढरा भाग पिवळा झालाय का ते तपासत असतात. एकदा बाजारात त्यांनी भाजीवालीला उन्हात यायला सांगितलं. तिने वांगी उन्हात नेऊन दाखवली. ट्यूबलाइटवर त्यांचा भरवसा नाही. "ती खोटं बोलते," म्हणून पेशंट आधी व्हरांड्यात.

माझा दिवस यादीवर चालतो आणि यादीतलं पहिलं काम विचित्र आहे. सकाळी आल्या आल्या डॉक्टर व्हरांड्यात उभे राहतात आणि म्हणतात, "सिस्टर, बघा." मी त्यांचे डोळे बघायचे, "पांढरे" म्हणायचं आणि दुर्बीण धुवायला जायचं. लहर असेल म्हणून मी कधी विचारलं नाही.

"कावीळ हे आडनाव झालं," ते म्हणतात. "मला नाव सांगा." बहुतेक वेळा नाव निघतं पित्ताचा खडा. खडा काढला की डॉक्टर खूश, पण मनातून थोडे नाराज. नळी भलत्याच कारणाने अडलेली असली की ते ताठ बसतात. एकदा नळीत वीतभर जंत होता. "या, बाहेर या," असं पाहुण्याला म्हणावं तसं म्हणत त्यांनी तो ओढून काढला.

मागे चिचगडकडचे धनिरामभाऊ आले. अंग हळदीसारखं, खाजवून खाजवून हातांवर ओरखडे. नळीच्या तोंडाशी गाठ होती. दुसरीकडे दाखवलं, तिथं "कॅन्सरच दिसतो" सांगितलं होतं. यंदाची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, त्यांनी धाकट्या भावाला करायला सांगून टाकली होती.

डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्न विचारला, "पिवळं आधी कोणी पाहिलं?"

"मले तं काईच दिसलं नाई," धनिरामभाऊ म्हणाले.

"तुम्हाला नाही विचारलं. स्वतःचे डोळे कोणाला दिसतात?"

मागे भिंतीला टेकून त्यांची बायको उभी होती, भागरताबाई. "मीनं पायलं जी," ती म्हणाली. "दारात बसून जेवून रायले होते. उजेडात डोरे पिवरे दिसले."

डॉक्टरांनी आपल्या शेजारची खुर्ची तिला दिली. पहिल्यांदा ज्याने पाहिलं, ती खुर्ची त्याची असते. "आणखी काय पाहिलं?"

"सांजच्यानं अंग तपते. झोपले का घामानं उशी ओली होते. पालटवा लागते."

"हे आधी सांगितलं होतं कोणाला?"

"कोनी इचारलंच नाई."

डॉक्टर ताठ बसले.

दुर्बिणीने नळीत बारीक प्लास्टिकची नळी बसवली, पित्त वाहू लागलं, खाज थांबली. तिथला नमुनाही घेतला. त्यातून काहीच कळलं नाही. मग डॉक्टरांनी नागपूरला जायला सांगितलं: पोटाच्या आतून सोनोग्राफी करून गाठीतच सुई घालायची. धाकटा भाऊ वैतागला. "सायेब, आता आणखी सुई कायले? त्याले सुखानं जाऊ द्या."

"कुठं जायचंय त्यांना?" डॉक्टर म्हणाले. "मला अजून नाव कळलं नाही."

भाऊ भागरताबाईकडे वळला. तिने नवऱ्याची पिशवी उचलली. "चला जी, नागपूरले."

रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टर तो घेऊन थेट व्हरांड्यात गेले आणि आधी तिलाच सांगितलं, "नाव सापडलं. गाठीचा टीबी. गोळ्यांनी बरा होतो."

ती लगेच दिराला म्हणाली, "भाऊजी, बांधी आमीच करू."

कावीळ उतरू दिली, मग बेताने टीबीच्या गोळ्या सुरू केल्या. आतली नळी मधे बदलली, गाठ विरल्यावर काढून टाकली. त्या दिवशी निघताना भागरताबाई दारात थांबली.

"डॉक्टरसायेब, तुमचे डोरे कोन पायते?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बोट केलं. "ह्या सिस्टर बघतात."

डॉक्टरांच्या पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी परदेशात, रोज व्हिडिओ कॉल करते. पण फोनमधला रंग खरा नसतो, हे ते पेशंटनाही सांगतात. हे सगळं मला ठाऊक होतं. सकाळच्या त्या "बघा"शी मी ते कधी जोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ते व्हरांड्यात उभे राहिले. मी खालची पापणी ओढून दोन्ही डोळे नीट पाहिले.

"पांढरे आहेत. पण झोप झालेली नाही."

"नाही झाली," ते म्हणाले, आणि लगबगीने आत गेले.

रविवारी ओपीडी बंद असते. हल्ली त्या दिवशी डॉक्टर दुपारचे आमच्याकडे जेवायला येतात. त्यांचं पान आम्ही दारापाशी मांडतो, उजेडात.