गयाबाईंना पटत नाही

आमच्या शेजारच्या गयाबाई दूध घेताना आधी दूधवाल्याचा चेहरा बघतात, मग दूध. पाहुणा "जेवून आलो" म्हणाला, तर त्याच्या हाताचा वास घेतात. "मले त पटत नाही बाप्पा" हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस साखरखेर्ड्यात सापडणं कठीण.

माझी मुलगी सुषमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तेव्हा याच बाईवर विसंबणं मला भाग पडलं. सुषमाची आई काही वर्षांपूर्वी गेली. सासरचे म्हणत होते, इथंच राहू द्या. पहिलं बाळंतपण माहेरीच, असा हट्ट मी धरला आणि मग घाबरलो. घरात बाईमाणूस नाही, दवाखाना मेहकरला. कळा सुरू झाल्या तर मला काय कळणार?

गयाबाईंनी आल्या आल्या डॉक्टरांच्या तारखेवरच संशय घेतला. "पोटातल्या लेकराले कॅलेंडर कोनं दाखवलं?" मेहकरला न्यायला ठरवलेल्या गाडीवाल्याला त्या रोज सकाळी गाडी चालू करून दाखवायला लावत. दवाखान्यासाठी मी भरलेली बॅगही त्यांनी तपासली. चिखलीहून आणलेली कोरी झबली हुंगून म्हणाल्या, "खळ हाये."

मला मात्र त्यांचाच संशय होता. लिहायला लाज वाटते, पण होता. बायको गेल्यावर तिच्या साड्यांचं गाठोडं मी त्यांना देऊन टाकलं होतं. घरात बघवत नव्हतं. पुढे त्यांच्या स्वयंपाकघरात एक चकचकीत पातेलं दिसलं. जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई नुकतीच गावात येऊन गेली होती. मी जोडायचं ते जोडलं. त्यांच्याकडचा चहा तेव्हापासून मला गोड लागला नाही.

अशात एका सकाळी बॅगेतली नवी झबली गायब. त्या जागी पांढऱ्या फडक्यात बांधलेलं कसलं तरी जुनेर. नवं नेलं, जुनं भरलं. जाब विचारावा, पण बाई रुसली तर पोरीकडे कोण बघणार? गुपचूप बॅगेला कुलूप लावलं.

"काऊन भाऊजी, चोराचं भेव हाये का?"

"जमाना खराब आहे."

"हाव. मी बी कोनावर इश्वास ठेवत नाही."

त्याच दुपारी सुषमाचं पोट दुखू लागलं. मी चपला घालून गाडीवाल्याकडे निघालो.

"थांबा. मले त पटत नाही." त्यांनी तिला पाणी पाजलं, अंगणात फिरवलं, कुशीवर निजवलं. दुखणं विरून गेलं. "खोट्या व्हत्या. पहिलटकरणीले पोट फसवते."

दोन दिवसांनी पुन्हा तेच. पण या वेळी पाणी झालं, फिरणं झालं, निजणं झालं, तरी कळ हटेना. कमरेतून निघून पुढे येई, ओसरे, आणि दर खेपेला लवकर परते. गयाबाईंनी आपल्या जावेची गोष्ट काढली. उपासाच्या दिवशी कांदाभजी खाताना सापडली ती. सुषमाला ही गोष्ट पाठ आहे, तरी दर वेळी हसते. भजं जावेच्या तोंडापर्यंत आलं आणि सुषमाने खाट गच्च धरली. हसू नाही, शब्द नाही. कळ ओसरल्यावर म्हणाली, "मग, मावशी?"

गयाबाई उठल्या. "मंग काही नाही. भाऊजी, गाडी बोलवा. आता पोट खरं बोलून राह्यलं."

संध्याकाळी मुलगी झाली. नर्सने बाळाचे कपडे मागितले. घाईत माझ्याकडून कुलूप उघडेना, म्हणून गयाबाईंनी किल्ली घेतली. त्यांनीच ते पांढरं फडकं सोडलं. आत हाताने शिवलेली झबली आणि दुपटी. पिवळी, बारीक हिरव्या फुलांची, वापरून वापरून सायीसारखी झालेली. त्या फुलांना मी ओळखलं. सुषमाला पहिल्यांदा शाळेत सोडायला तिची आई हीच साडी नेसून गेली होती.

"पाचवीपर्यंत लेकराले नवं घालत नाही, टोचते," गयाबाई म्हणाल्या. "तुमची नवी घरी धुऊन राह्यली मी. कितीदा धुतली, खळ काही जात नाही."

"आणि बाकीच्या साड्या?"

"पेटीत हायेत. नेसाची हिंमत नाही झाली. दुपारी कधी काढून बसते. तिच्याबिगर माझं पुरं कोन आयकत व्हतं?"

पातेल्याचं मी विचारलं नाही.

बाळ बाहेर आणलं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "जावयांवर गेली."

गयाबाई वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग ते पिवळं कापड बाळाच्या हनुवटीखाली हळूच सारलं.

"मले त पटत नाही बाप्पा," त्या म्हणाल्या. "आजीवर हाये."